उत्कर्षा शेजारीच आहे

आमच्या क्लासच्या दाराशी चेहरा दाखवायचं एक मशीन आहे. समोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागतो आणि तुमच्या वडिलांच्या फोनवर मेसेज जातो की आपले पाल्य हजर आहे. पहिल्याच दिवशी त्या मशीननं माझ्या बहिणीला मी समजून आत घेतलं आणि मला ‘हजेरी आधीच झालेली आहे’ असं सांगून बाहेर ठेवलं. ऑफिसातल्या मॅडमनी ते दोनदा बंद करून चालू केलं, मग कपाळाला हात लावला आणि तोडगा काढला: जुळ्यांनी चेहरा दाखवल्यावर आपला रोल नंबर दाबायचा. उत्कर्षाचा एकसष्ट, माझा बासष्ट. मॅडमना बहीण नसणार, असं माझं तेव्हाच मत झालं.

मी नम्रता. हे नाव ठेवलं तेव्हा मी बारा दिवसांची होते, त्यामुळे घरच्यांना दोष देता येत नाही. उत्कर्षा माझ्याहून अकरा मिनिटांनी मोठी आहे आणि ती अकरा मिनिटं तिनं आयुष्यभर जपून वापरली आहेत. ती हळू बोलते, वेळेवर जेवते, पुस्तकांना कव्हर घालते. मी नववीत असताना वेणी ओढणाऱ्या एका मुलाच्या डोक्यात स्टीलचा डबा घातला होता. डब्याला पोचा आला, मुलाला तीन टाके पडले, आणि तेव्हापासून घरात कुठंही काही वाजलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात.

आमचं घर लोणी काळभोरला. पप्पांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे, पण घर चालतं आप्पासाहेबांच्या, म्हणजे आजोबांच्या शब्दावर. त्यांचा एक कायदा आहे, जुळ्यांमध्ये डावं-उजवं करायचं नाही. एकीला ताप आला की दोघींना औषध. एकीनं खिडकीची काच फोडली की दोघींना उठाबशा. दोघींचं लग्न एकाच मांडवात लावायचं हे आम्ही रांगत होतो तेव्हाच ठरलेलं. दहावीनंतर आम्हाला पुण्यात ठेवायला ते तयार झाले, तेव्हा त्यांनी ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “जाऊ द्या पोरींना. पण एकीचं जरी वाकडं पाऊल पडलं, तर दोघी घरी. मग बारावी करा न्हाईतर करू नका, मी स्थळं बघायला लागनार.”

हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. त्यामुळे पुण्यात आल्यापासून मी नाकासमोर चालत होते. मला आर्किटेक्ट व्हायचंय, उत्कर्षाला डॉक्टर. सदाशिव पेठेत लिमये काकूंच्या घरी आमची एक खोली होती, दोन कॉट, एक टेबल आणि खिडकीतून दिसणारा समोरच्या इमारतीचा जिना. मला ती खोली फार आवडायची. तिथून परत जावं लागलंच तर ते माझ्यामुळे होईल याची मलाही घरच्यांइतकीच खात्री होती.

जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी उत्कर्षानं मला गच्चीवर बोलावलं आणि तिचा फोन माझ्या हातात दिला.

फोटोत पर्वतीच्या पायऱ्या होत्या. एक मुलगा स्वतःच फोटो काढत होता आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, डोळे मिटून, माझी बहीण बसली होती. क्षणभर मला वाटलं ती मीच आहे, मग कव्हर घातलेल्या वहीकडे लक्ष गेलं.

“हा कोण?”

“अभिनव. संध्याकाळच्या बॅचचा. यवतमाळचा आहे.”

“कधीपासून?”

“ऑगस्ट.”

ऑगस्टपासून जानेवारी! एका खोलीत झोपतो, एका ताटात जेवतो, आणि मला वासही नाही. मला त्या मुलाचा राग यायला हवा होता, पण पहिला राग आला तो तिचाच, आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. ते मी दाबलं.

“दिवाळीनंतर मीच थांबवलं,” ती म्हणाली. “सुरुवातीला चांगला होता गं, खरंच. मग दर तासाला सुरू झालं. कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, लोकेशन पाठव. मी म्हटलं, आता नको. तेव्हापासून हे चालू आहे. आता खालचा मेसेज वाच.”

खाली लिहिलं होतं, ‘गुरुवारी साडेदहाला नेहमीच्या अमृततुल्यवर ये. नाही आलीस तर फोटो तुझ्या पप्पांना जाईल.’

पप्पांचा नंबर मिळवायला त्याला काही कष्ट नव्हते. तो आमच्या टेम्पोच्या मागे हातभर आकड्यांत लिहिलेला आहे, अख्ख्या सोलापूर रोडला पाठ आहे.

“मी त्याचे दात पाडते,” मी म्हणाले.

“म्हणूनच तुला सांगत नव्हते.”

“मग असं करू. फोटो गेलाच तर मी सांगेन की ती मी आहे. सगळ्यांना लगेच पटेल.”

उत्कर्षा पहिल्यांदाच हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “आणि मग? एकीचं पाऊल, दोघी घरी. तू असलीस काय आणि मी असले काय, नमे.”

तारेवरचे कपडे वाळले होते, ते आम्ही काढले आणि खाली आलो. बुधवारी तिनं तिच्या केमिस्ट्रीच्या नोट्स माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. “राहू देत तुझ्याकडे,” म्हणाली. त्या नोट्सना ती मला कधी हात लावू देत नसे. मला बरं वाटलं, इतकंच. माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

गुरुवारी सकाळी दहा ते सव्वाअकरा आमची फिजिक्सची टेस्ट होती. केस विंचरताना ती आरशातून मला म्हणाली, “आज माझा चेहरा तू दे.”

“तू त्याला भेटणार?”

“मी बघते काय ते.”

“मी येते बरोबर.”

“तू आलीस की मारामारी होते. नमे, प्लीज. एकदा मला माझं करू दे.”

“फोन चालू ठेवशील?”

तिनं मान हलवली. मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडलं. ती टिळक रोडच्या दिशेनं गेली आणि मी क्लासच्या. दारात उभं राहून चेहरा दाखवला, बासष्ट दाबलं, हिरवा दिवा. बुटाची लेस बांधल्याचं नाटक करून मागच्या दोघांना पुढे जाऊ दिलं, परत उभी राहिले, एकसष्ट दाबलं, परत हिरवा दिवा. नऊ बावन्नला पप्पांच्या फोनवर दोन मेसेज गेले. त्यांच्या दोन्ही मुली हजर होत्या.

पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न कप्पीवरचा होता, मला झोपेत येईल असा. मी आकृती काढली, दोरीला बाण काढले आणि पुढचं काहीच सुचेना. साडेदहा वाजले. आता ती त्याच्यासमोर बसली असेल. तो काय मागत असेल? पुन्हा भेट म्हणेल, आणि ती घाबरून हो म्हणेल. की खोलीवर चल म्हणेल? आपण तिला एकटीला का जाऊ दिलं? डब्यानं डोकं फोडणारी मी, आणि नेमक्या वेळी शहाण्यासारखी टेस्टला येऊन बसले. अकरा वाजून पाच मिनिटांनी पोटात कळ आल्याचं सांगून मी पेपर दिला, फोन जमा करायच्या पेटीतून माझा घेतला आणि जिन्यातच तिला लावला.

फोन बंद होता.

पुन्हा लावला. बंद. उतरता उतरता सात वेळा लावला. मग वाटलं, झालं असेल बोलून, खोलीवर येऊन रडत बसली असेल. मी पळत लिमये काकूंकडे गेले. काकू दारात उभ्या राहून दूधवाल्याचं कार्ड तपासत होत्या.

“काकू, उत्कर्षा आली का?”

त्यांनी चष्म्यावरून मला पाहिलं. “दोघींपैकी एक आत्ता समोर उभी आहे. दुसरीचा ताबा माझ्याकडे दिलेला नव्हता.”

खोली रिकामी होती. तिच्या कॉटवरची चादर नीट घडी करून पायथ्याशी ठेवलेली. मी बूटही न काढता परत निघाले.

क्लासची सगळी मुलं चहाला जातात ते अमृततुल्य दोन गल्ल्या सोडून होतं. बाहेरच्या बाकावर तो बसला होता. फोटोत होता त्यापेक्षा लहान दिसत होता, ओठांवर नुकती मिसरूड, पुढ्यात तीन रिकामे ग्लास. मला पाहून उभा राहिला. त्याचा चेहरा असा उजळला की मला शिसारी आली.

“आलीस! काहून इतका उशीर? मला वाटलं तू येतच नाहीस.”

म्हणजे ती आलीच नव्हती.

“ती आली नाही?” मी विचारलं. त्यानं मला नीट पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला. “तू ती दुसरी आहेस.”

“उत्कर्षा कुठंय?”

“मला काय माहीत? मी दहापासून इथे बसलोय. फोनही बंद करून ठेवलाय तिनं.” त्याचा आवाज चिरकला. “मी काही वाईट मुलगा नाही. मला फक्त तिच्याशी बोलायचं होतं. पण तिला मस्करी वाटत असेल तर मी पाठवणार. साडेअकरा वाजले की पाठवणार, सांग तिला.”

एरवी मी त्याला तिथेच आडवा केला असता. त्या दिवशी मी फक्त हिशेब करत होते. ती त्याच्याकडे आली नाही, क्लासला नाही, खोलीवर नाही, फोन बंद. काल दिलेल्या नोट्स आठवल्या. राहू देत तुझ्याकडे. घडी घातलेली चादर आठवली. पर्वतीच्या पायथ्याचा कालवा आठवला. मी बाकाची कड धरली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पप्पा.

साडेअकराला सात मिनिटं कमी होती. मी अभिनवकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, अजून पाठवला नव्हता. मग पप्पा कशाला फोन करत होते? सकाळी अकरा-साडेअकरा म्हणजे त्यांची गाळ्यावरची गर्दीची वेळ. मी चार पावलं बाजूला जाऊन फोन घेतला.

“नमे, झाली का परीक्षा?” आवाज नेहमीसारखाच होता. फक्त मागे बाजाराचा गलका नव्हता, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

“हो पप्पा, आत्ताच.”

“उत्कर्षा कुठं हाय?”

सांगायचं होतं. आजही मी शपथेवर सांगेन, एक क्षण माझ्या जिभेवर आलं होतं, की पप्पा, ती सापडत नाहीये, लवकर या. मग मला ओसरी दिसली, आप्पासाहेब दिसले. वाटलं, दहा मिनिटांत सापडेल ती, दहा मिनिटांसाठी सगळं घालवायचं? पप्पांना काही माहीत नाही, आवाजावरून तर कळतंय. आधी तिला शोधू, मग बघू.

“इथेच आहे,” मी म्हणाले. “शेजारीच आहे माझ्या.”



“शेजारी हाय?”

“हो पप्पा. पाणी पितेय.”

“दे बरं तिच्याकडं.”

हे आम्ही लहानपणापासून करत आलोय. तिचा आवाज काढणं मला इतकं सोपं जातं की कधी कधी आईसुद्धा फसते. जरा हळू बोलायचं, वाक्य संपताना खाली यायचं. मी फोन कानापासून लांब नेला, “पप्पा आहेत,” असं माझ्या आवाजात म्हणाले आणि परत जवळ आणला.

“हां पप्पा, मी उत्कर्षा.”

अभिनव तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता.

“कसा गेला पेपर?” पप्पांनी विचारलं.

“बरा गेला. शेवटचा प्रश्न राहिला जरा.”

“बरं,” पप्पा म्हणाले, आणि मग फोनमध्ये कुणीतरी रडल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला नसता तर नवल. अकरा मिनिटं सोडली तर सतरा वर्षं तो मी ऐकत आलेय.

“नमे,” पप्पा म्हणाले, “रिक्षा कर आन् गाळ्यावर ये.”

स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी हसत होते आणि रडत होते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. ती जिवंत होती. आधी मला फक्त एवढंच कळत होतं, ती जिवंत आहे, पप्पांजवळ आहे. गुलटेकडीच्या चढावर आल्यावर मग बाकीचं हळूहळू कळायला लागलं आणि मला रिक्षातून उतरूच नये असं वाटलं.

गाळ्याच्या मागे काचेचं दार असलेली एक छोटी खोली आहे, पप्पा तिथे हिशेबाला बसतात. ते दार बंद होतं. आत उत्कर्षा लाकडी खुर्चीत बसली होती, डोळे सुजलेले. पप्पा गादीवर. मधल्या स्टुलावर त्यांचा फोन पालथा ठेवलेला.

मी उत्कर्षाला घट्ट धरलं. मग खांदे धरून हलवलं. “फोन का बंद केलास? मेले मी!”

“तो सारखा लावत होता,” ती म्हणाली. “मला भीती वाटली. त्याचा आवाज ऐकला की मी परत वळेन असं वाटलं. नमे, मी त्याला भेटायला निघालेच नव्हते. त्याच्या आधी मीच पप्पांना सांगायचं ठरवलं होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू येऊ दिलं नसतंस.”

ते खरं होतं. मी तिला खुर्चीला बांधून ठेवलं असतं.

माझी शामळू बहीण, जी दुकानदाराला सुटे पैसे परत मागायला लाजते, ती एकटी स्वारगेटवरून बसनं मार्केट यार्डात आली होती. पोत्यांमधून वाट काढत गाळ्यावर गेली होती आणि पप्पांना म्हणाली होती, मला आत बोलायचंय. मग दार लावून तिनं ऑगस्टपासूनचं सगळं सांगितलं. फोटोही स्वतःच दाखवला. आणि शेवटी म्हणाली, चूक माझी आहे, मला घरी न्या, नमीला राहू द्या. आप्पासाहेबांना तुम्ही काहीही सांगा, माझी तब्येत बिघडली म्हणा, पण तिला यात ओढू नका.

हे सगळं मला पप्पांनी सांगितलं. उत्कर्षा खाली बघत होती. पप्पा संथपणे बोलत होते आणि ते मला ओरडण्यापेक्षा जड जात होतं.

“मला लई राग आला हिचा,” ते म्हणाले. “पंधरा मिनिटं मी बोललोच न्हाई. मग इचारलं, सकाळी हजेरीचा मेसेज आला तो कसा? तर म्हनली, नमीनं लावली, पण मी सांगितलं म्हणून. मी म्हनलं, म्हंजे ती बी खोटारडी. तर ही काय म्हनली माहितीय? म्हनली, पप्पा, नमी भांडंल, मारामारी करंल, पण तुम्ही सरळ इचारलं तर ती तुमच्याशी खोटं बोलनार न्हाई. आत्ता फोन लावून बघा.”

उत्कर्षानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं.

“मी तुला वाचवत होते,” मी तिला म्हणाले. मग पप्पांकडे वळून तेच परत म्हणाले. “मी तिला वाचवत होते, पप्पा.”

“तुला म्हाईत होतं ती कुठं हाय?”

“नाही.”

“किती वेळ झाला होता?”

“दीड तास.”

“आन् तुला काय वाटत होतं?”

मी सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. “कालव्याचं वाटत होतं.”

पप्पांनी डोळे मिटले. टोपी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला.

“तुला कालव्याचं वाटत होतं,” ते म्हणाले, “आन् तू मला सांगितलंस, ती शेजारी पाणी पितीय. खरंच काय झालं असतं तर मी काय केलं असतं, नमे? मी हितं पोत्यांवर निवांत बसून ऱ्हायलो असतो. माझी पोर गेली असती आन् मी तिचा पेपर कसा गेला ते इचारत बसलो असतो.”

बाहेर हमालांची ये-जा चालली होती, कुणीतरी कुणाच्या तरी नावानं हाका मारत होतं. मी इतके दिवस घाबरत होते की सगळं माझ्यामुळे जाईल. आप्पासाहेबांना घाबरत होते, स्थळांना, खोली जाण्याला. पप्पांना फसवायची भीती मला वाटलीच नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय हे मला माहीतच नव्हतं ना.

स्टुलावरचा फोन थरथरला. पप्पांनी तो सुलटा केला, पाहिलं आणि आमच्याकडे वळवला. उशिरा का होईना, फोटो आला होता. पप्पांनी त्याच नंबरवर फोन लावला.

“मी उत्कर्षाचा बाप बोलतोय. फोटो मिळाला. मी आधीच बघितला होता. आता तुझ्या वडलांचा नंबर दे.” थोडं थांबले. “रडू नको. नंबर दे.”

पलीकडून फोन कट झाला. तरी पप्पा दुसऱ्या दिवशी क्लासला गेले, सरांना भेटले, आणि आठवड्याभरात यवतमाळहून त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. ते पप्पांच्या पाया पडायला वाकले होते म्हणे. पप्पांनी ते आम्हाला एकदाच सांगितलं आणि परत तो विषय काढला नाही.

पण त्या गुरुवारी त्या खोलीत अजून एक गोष्ट व्हायची होती. पप्पांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तू येईपातुर माझं ठरलं होतं. हिला घरी न्यायचं, तुला ठेवायचं. आता तूच सांग, कुनाला ठिवू आन् कुनाला नेऊ?”

“मला न्या,” मी म्हणाले.

“पप्पा, असं नका करू,” उत्कर्षा उभी राहिली. मी तिला पप्पांसमोर इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “आम्हाला एकीच्या चुकीला दोघींना शिक्षा करून करून तुम्हीच असं केलंय. ती खोटं बोलली ते आप्पासाहेबांना घाबरून बोलली. मी सहा महिने गप्प बसले, तीही त्यांनाच घाबरून. आम्हा दोघींनाही परीक्षा देऊ द्या. मग ज्याची त्याला शिक्षा करा.”

पप्पांनी चहा मागवला. ग्लास रिकामा करून म्हणाले, “परीक्षा द्या दोघी बी.”

आम्ही दोघी पुण्यातच राहिलो. आप्पासाहेबांना अजून काही माहीत नाही; त्यांना सांगितलंय की परीक्षा जवळ आली, पोरींचे जेवणाचे हाल होतात. त्या रविवारी आई कुकर, पोळपाट आणि दोन पिशव्या पीठ घेऊन आमच्या खोलीत राहायला आली. लिमये काकू म्हणाल्या, “भाडं दोघींचं ठरलं होतं, पण आईला आम्ही पाहुणी समजू.” दोन कॉटच्या मध्ये आता आईची गादी असते. उत्कर्षा रात्री शांत झोपते. पुन्हा पुस्तकांना कव्हर घालायला लागलीये. तिची पप्पांशी आता इतकी गट्टी जमलीये की ती फोनवर त्यांना कांद्याचे भाव विचारते.

मला पप्पा रागावले नाहीत. एकदाही नाही. माझी ड्रॉइंगची परीक्षा होती तेव्हा त्यांनी चांगल्या पेन्सिलींचे दोन सेट पाठवले. पण आईचा फोन वाजला आणि तिच्या हाताला कणीक असली की मी उचलते. मी “हां पप्पा” म्हणते. पूर्वी ते लगेच बोलायला लागायचे.

आता विचारतात, “कोन बोलतंय?”

“नम्रता.”

ते म्हणतात, “आईला दे.”